वन्संची आखूड बॅटरी

आमच्या वन्सं मनात धरून ठेवणाऱ्या आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाचताना कोणाला त्यांची दया यायला लागली, तर ती वेळीच आवरावी. मला त्यांची दया कधी आली नाही. धाक वाटला, राग आला, आणि ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी तर इतकं प्रेम आलं, की चारचौघांत मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. त्यांना चालत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. हा शब्द आता फारसं कोणी वापरत नाही, माझ्या मैत्रिणी हसतात. पण 'ताई' म्हणावं इतक्या त्या मऊ नाहीत, आणि नावानं हाक मारायची माझी छाती नाही. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं शिडशिडीत, केस कानाच्या वर कापलेले, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. दातांच्या प्रयोगशाळेत काम करतात. दवाखान्यातून तोंडाचे साचे येतात आणि वन्सं त्यांवरून कवळ्या, दातांवरच्या टोप्या, सुटे दात करून देतात. दिवसभर मेण, प्लास्टर आणि बारीक घासकाम. त्यामुळे माणूस समोर आला की त्या आधी त्याचे दात बघतात, चेहरा मागाहून. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी माझ्याबद्दल एवढंच मत दिलं होतं, "खालचे दोन वाकडे आहेत, पण चावायला अडचण नाही." तेव्हापासून आजपर्यंत मी हे विसरलेले नाही. आमच्या घराला विसरायची सवयच नाही म्हणा.

त्यांच्या नवऱ्याला मी अजून 'जावईबापू'च म्हणते. आता तो कोणाचा जावई राहिलेला नाही, पण टोमणा मारायला शब्द बरा आहे. टाइल्सच्या कंपनीत विक्रीचं काम करतो. उंच, गोडबोल्या, आणि हसला की समोरच्याला उगाचच आपण फार विनोदी आहोत असं वाटायला लागतं. त्या हसण्यातला समोरचा एक दात वन्संनी केलेला आहे. इतका बेमालूम, की शेजारच्या खऱ्या दातालाही आपण खोटे असल्याची शंका यावी. घटस्फोटानंतर एकदा वन्सं मला म्हणाल्या होत्या, "जातो तिथे माझ्या दातानं हसतो मेला."

गाड्यांचा नाद घरात आणला तो त्यानंच. रिमोटवर पळणारी बॅटरीची गाडी, हातभर लांब, मागच्या चाकांना जाड काटे, वर पातळ प्लास्टिकचं रंगवलेलं कवच. खेळणं म्हणून बघायला जाल तर फसाल. सरळ रस्त्यावर स्कूटरला मागे टाकते. गावाबाहेर मातीचं मैदान आहे, तिथे वळणं आणि उड्यांचे उंचवटे केलेत. दर वर्षी क्लबाची मोठी शर्यत होते. जावईबापू गाडी चालवायचे. बाकी सगळं वन्सं करायच्या. चाकं बदलणं, तेल भरणं, तुटलेला दांडा जोडणं, तारांना डाग देणं. आणि बॅटरी.

बॅटरी हे त्यांचं खास राज्य. या गाड्यांत बॅटरी मुख्यतः दोन तऱ्हेची बसते, आणि प्रत्येकीत पुन्हा कमीजास्त ताकदीचे पुष्कळ प्रकार. एक लांब, चष्म्याच्या घराएवढी. ती वजनदार असते, पण पुष्कळ वेळ टिकते. दुसरी आखूड, साबणाच्या वडीहून जरा मोठी. ती हलकी, त्यामुळे गाडी वळणावर चपळ होते, उडी स्वच्छ मारते, पण लवकर संपते. शिवाय तिच्यावर जे आकडे छापलेले असतात ते लग्नाच्या स्थळाच्या माहितीसारखे, बहुतेक वेळा अर्धे धरून चालायचे. वन्सं प्रत्येक बॅटरी घरी आणून चार्जरवर लावून तिचं खरं पोट किती ते बघायच्या. मैदानाची माती किती सुटी आहे, ऊन किती आहे, शर्यत किती मिनिटांची आहे, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे चालवणाऱ्याचं बोट कसं आहे, हे सगळं धरून निवड करायच्या. जावईबापूंचं बोट त्यांना पाठ होतं. रिमोटचा घोडा एकतर पूर्ण दाबलेला, नाहीतर पूर्ण सोडलेला. मधलं काही त्या माणसाला माहीतच नाही. बोलण्यात नाही, खर्चात नाही, प्रेमात तर मुळीच नाही.

अशी वर्षानुवर्षं गेली आणि त्याच्या कपाटात कप साठले. मग एका वर्षी, अंतिम फेरीत, शेवटच्या चकरेत त्याची गाडी बंद पडली.

बक्षीस समारंभाच्या वेळी त्याच्या हातात माईक आला. तो तसा नेहमीच येतो, कारण तो हसवतो. आम्ही समोर बसलो होतो. वन्संच्या मांडीवर तीच गाडी होती, जुन्या टूथब्रशनं त्या तिची माती झाडत होत्या. जावईबापू म्हणाले, "काय सांगू मंडळी, बॅटरी बायकोनं निवडली होती. आता पुढच्या वर्षी बॅटरी बदलायची की बायको, ते बघतो!"

लोक हसले. पोट धरून हसले. मी लोकांकडे बघितलं, एकेकाचं तोंड लक्षात ठेवलं. मग वन्संकडे बघितलं. त्यांचा हात थांबला होता, पण हसण्यामुळे नाही. मोटरच्या टोकाला जे छोटं दातेरी चाक असतं, ते त्या बोटानं चाचपत होत्या. ते त्यांनी बसवलेलं चाक नव्हतं. त्याहून मोठं होतं. जास्त पळावी म्हणून त्यानं आदल्या दिवशी त्यांना न सांगता ते बदललं होतं, आणि मोठं चाक बॅटरी जास्त खातं. बॅटरी बरोबर होती. त्याला ते माहीत होतं. माहीत असून तो माईकवर ते बोलला.

घटस्फोट काही त्यामुळे झाला नाही. त्याची कारणं वेगळी होती, आणि सगळ्या घटस्फोटांची असतात तशीच कंटाळवाणी. ती सगळी वन्संनी गिळली. सामान वाटून घेतलं, घर बदललं, आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिल्या. पण ते हसणं त्यांना गिळता आलं नाही. त्यात क्लबात त्यांना नाव पडलं, 'बॅटरीबाई'. मैदानाच्या फाटकावरचा रखवालदारसुद्धा मला विचारायचा, "बॅटरीबाई येत नाहीत हल्ली?"

"येतील," मी म्हणायचे.

आमचे हे स्वभावानं शांत. ते बहिणीला म्हणाले, "ताई, जाऊ दे ना आता. कोण लक्षात ठेवतंय?"

"मी," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी स्वतःसाठी गाडी बांधली आणि चालवायला शिकायला लागल्या. या वयात. पहिले काही महिने तर बघवत नव्हतं. गाडी उलटायची, कुंपणात घुसायची, एकदा एका म्हातारबुवांच्या धोतरात शिरता शिरता राहिली. मी जलतरण तलावाच्या तिकीट खिडकीवर बसते, सकाळची पाळी संपली की मोकळी असते. त्यामुळे मैदानात पळत जाऊन उलटलेली गाडी सरळ करायचं काम माझ्याकडे आलं. पळून पळून माझं वजन उतरलं, तेवढाच या प्रकरणात माझा नफा.

पण त्यांचं बोट मुळात चांगलं होतं. मेणाच्या दातावर सुरी फिरवणारं बोट ते, जरा जास्त दाबलं की दिवसाचं काम वाया. हळूहळू त्या रिमोटच्या घोड्यालाही तसंच दाबायला लागल्या. गाडी वळणात शिरताना गुरगुरायची नाही, नुसती घसरत आत जायची आणि बाहेर पडताना पुन्हा जोर धरायची. बघताना कळायचं नाही की ती वेगात आहे. घड्याळ बघितल्यावर कळायचं.

अशात क्लबानं जाहीर केलं, की यंदा अंतिम फेरी पाचऐवजी दहा मिनिटांची. पात्रता फेऱ्या मात्र जुन्याच, पाच-पाच मिनिटांच्या. मी हे वन्संना सांगितलं तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. सुरी खाली ठेवली, खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि मग हसल्या. वन्सं हसल्या की मला भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. गाड्यांच्या सामानाचं दुकान शहरात एकच. मालक बुटका, भला, आणि त्याच्या पोटात काही म्हणून राहत नाही. आम्ही आत पाऊल टाकलं न टाकलं तोच तो सांगून मोकळा झाला, "साहेब आले होते तुमचे. म्हणजे, तुमचे नव्हे, ते आपले हे. म्हणाले, ती काय घेते ते मला कळव. गेल्या वर्षी स्वतःच्या मनानं बॅटरी घेतली आणि कुठल्या कुठे फेकले गेले हो! तुम्हाला हसत होते, पण विचारत होते."

"मग कळवा ना," वन्सं म्हणाल्या. "चोरी आहे का काही?"

त्यांनी दोन्ही बॅटऱ्या काउंटरवर मागवल्या. एका हातात लांब, एका हातात आखूड, बराच वेळ नुसतं तोलत उभ्या राहिल्या. मला राहवलं नाही.

"लांबच घ्या, वन्सं," मी कुजबुजले. "दहा मिनिटं आरामात निघतील. तुमचं आताचं चालवणं बघता पहिल्या दोघांत याल. कदाचित पहिल्याच."

"येईन."

"मग?"

"मी लांब घेतली, की तोही लांब घेईल. मग शेवटपर्यंत पोचेल. हरेल बहुतेक, पण पोचेल. आणि पोचला की माईकवर काहीतरी बोलून लोकांना हसवेल." त्यांनी आखूड बॅटरी माझ्या हातात ठेवली. "हिच्यावर मी दहा मिनिटं काढू शकेन, शिकले तर. तो जन्मात काढू शकणार नाही. त्याचं बोट मला माहिताय."

"आणि तुमचीही मध्येच संपली तर?"

"संपेल. मग दोघंही बंद पडू. पण तो बंद पडलेला हवाय मला. कप नकोय. भर मैदानात, सगळ्यांसमोर, हातात रिमोट, बोट दाबून धरलेलं आणि गाडी हलत नाहीये. एवढंच हवंय."

मला वाटलं, हे काही बरं नव्हे. एखाद्याला पाडायचं म्हणून आपणही पडायची तयारी ठेवायची, हे कुठलं शहाणपण? मग मला ती सगळी हसणारी तोंडं आठवली, आणि वाटलं, बरंच आहे की.

वन्संनी दुकानदाराला मोठ्यानं, नीट ऐकू जाईल असं सांगितलं, "ही आखूडच द्या. हलक्या गाडीला तोड नाही." तो माणूस इतका खूश झाला, की आम्ही पायरी उतरेपर्यंत त्यानं फोन कानाला लावला होता.

त्यानंतरचे आठवडे मी विसरणार नाही. रोज तीच बॅटरी, तेच मैदान, आणि माझ्या हातात घड्याळ. सुरुवातीला सातव्या मिनिटालाच गाडी मान टाकायची. या बॅटऱ्या अगदी तळाला जाऊ देत नाहीत, नाहीतर फुगतात. त्यामुळे ठरावीक पातळी आली की गाडीतलंच यंत्र मोटरचा पुरवठा तोडतं. गाडी आधी दमल्यासारखी होते आणि मग जागच्या जागी थांबते. वन्सं घरी जाऊन चार्जरवर बघायच्या, किती वीज परत आत गेली, म्हणजे किती खर्च झाली होती. दुसऱ्या दिवशी कुठल्या वळणावर बोट आधी सोडायचं, कुठल्या उतारावर मुळीच दाबायचं नाही, हे ठरवून यायच्या. सात मिनिटांची आठ झाली, आठाची नऊ. शर्यतीच्या आधीच्या शेवटच्या सरावात गाडीनं दहा मिनिटं पुरी केली आणि रेघ ओलांडून चार पावलांवर थांबली. मी उड्या मारल्या. वन्सं म्हणाल्या, "आज ऊन नव्हतं. उन्हात मोटर तापली की जास्त खाते." आणि गाडीची माती झाडायला लागल्या.

शर्यतीच्या दिवशी ऊन होतं.

जावईबापू नवा टी-शर्ट घालून आले होते. सगळ्यांशी हात मिळवत, पाठ थोपटत, हसत. आमच्या टेबलाशीही आले. "अरे वा, बॅटरीबाई स्वतः मैदानात! बरं वाटलं हो." मी म्हटलं, "जावईबापू, टी-शर्ट छान आहे. पोट झाकतो." वन्संनी गाडीचं कवच काढून बाजूला ठेवलं होतं आणि आखूड बॅटरी खाचेत बसवत होत्या. एरवी डोळे मिटून बसवतात. त्या दिवशी मात्र हातमोजे चढवून, फडक्यानं पुसून, अगदी सावकाश. जावईबापूंनी मान वाकडी करून पोटभर बघून घेतलं.

पाच मिनिटांच्या फेऱ्यांत त्यांनी कहर केला. हलकी गाडी, पूर्ण दाबलेलं बोट, ती नुसती उडत होती. माईकवाला ओरडत होता. वन्सं मधल्या कुठेतरी राहिल्या, अंतिम फेरीत जेमतेम शिरल्या. मला रडू यायला लागलं. मला वाटलं, झालं, आपणच त्याला जिंकायची बॅटरी दाखवली.

आता या क्लबात एक पद्धत आहे. आपली फेरी झाली की लगेच घरी पळायचं नाही, पुढच्या फेरीला मैदानात एका वळणावर उभं राहायचं आणि कोणाची गाडी उलटली तर धावत जाऊन सरळ करायची. कोणाचीही, शत्रूची असली तरी. त्यात कुचराई केली तर तुमचीच फेरी रद्द. वन्संची शेवटची पात्रता फेरी आधी होती आणि जावईबापूंची नंतर, त्यामुळे त्यांच्या फेरीला वन्सं उडीच्या पलीकडल्या वळणावर उभ्या होत्या. आणि नेमकी तिथेच जावईबापूंची गाडी उलटली. चाकं वर, घरघर फिरताहेत, आणि वन्सं पुढ्यात उभ्या.

मी कठड्याशी उभी राहून देवाला हात जोडले. वन्सं, जरा हळू. बुटाची नाडी सुटली म्हणा. पाय मुरगळला म्हणा. काहीही.

वन्सं धावल्या. त्या वयाच्या बाईला धावताना मी असं कधी पाहिलेलं नाही. गाडी दोन्ही हातांनी उचलली, सरळ केली आणि तोंड बरोबर दिशेला करून सोडली. बाकी कोणी केली नसती इतक्या झटपट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उंच मचाणावरून, जिथे सगळे चालक रिमोट घेऊन उभे असतात, तिथून जावईबापूंनी अंगठा वर केला.

त्या टेबलाशी आल्या तेव्हा मी खूप चिडले होते. "काय गरज होती एवढी धावायची? कोण मेडल देणार होतं?"

"अगं, हळू केली असती तर उद्या तेच कारण सांगत हिंडला असता." त्यांनी हात फडक्याला पुसले. त्यांचे डोळे चमकत होते. "आणि मला गाडी हातात घ्यायची होती. वजनावरून कळलं, आखूडच आहे. आणि मोटर अशी तापलीय, की हात भाजला. बोट अजून तसंच आहे गं त्याचं. तस्संच."

हे म्हणताना त्यांच्या आवाजात जो आनंद होता, तो मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही कधी पाहिला नव्हता.

अंतिम फेरी. मचाणावर दहा चालक खांद्याला खांदा लावून उभे. वन्सं आणि जावईबापू यांच्यात एकच माणूस, बस चालवून निवृत्त झालेला एक जाडजूड गृहस्थ. शिट्टी झाली आणि जावईबापूंची गाडी पहिल्या वळणापासूनच पुढे गेली. माईकवाल्याला दुसरं काही दिसेनाच. मैदानाभोवती आरडाओरडा. वन्संची गाडी सहावी, मग पाचवी, पुन्हा सहावी. मी त्यांच्या गाडीकडे बघतच नव्हते. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत होते. ते जेमतेम हलत होतं.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. जावईबापूंनी वन्संना एक अख्खी चक्कर मागे टाकलं, आणि ओलांडून जाताना तोंडानं काहीतरी बोलले. बसवाला हसला. वन्संची मानसुद्धा वळली नाही. मनात म्हटलं, मी त्या लांब बॅटरीसाठी भांडायला हवं होतं.

आठव्या मिनिटाला त्याची गाडी उंचवट्यावरून उडाली आणि पलीकडे नेहमीपेक्षा अलीकडे पडली. कोणाला काही वाटलं नाही. मला वाटलं. महिनाभर मी तेच बघितलं होतं, गाडी मान टाकण्याआधी अशीच आखूड उडी मारते. पुढच्या वळणाला ती दमली. मग मैदानाच्या अगदी समोरच्या सरळ पट्ट्यात, सगळ्यांच्या पुढ्यात, जागेवर उभी राहिली.

माईकवाल्यानं माईक खाली घेतला. मचाणावर जावईबापू घोडा दाबून उभे. सोडतात, दाबतात. सोडतात, दाबतात. रिमोट कानाशी हलवून बघितला. एकेक गाडी त्यांच्या गाडीला वळसा घालून पुढे जात होती. त्यात वन्संची लाल गाडीही होती, वळणात घसरत, कोणतीही घाई न करता. ती तीन वेळा त्याच्याजवळून गेली. तिन्ही वेळा मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

कप बसवाल्यानं नेला. लांब बॅटरी, थंड डोकं, आयुष्यभर प्रवासी नेऊन पोचवायची सवय. वन्सं चौथ्या आल्या. शेवटच्या चकरेत त्यांचीही गाडी दमली आणि रेघेवरून अक्षरशः रांगत गेली, पण गेली.

क्लबात आणखी एक नियम आहे. एकदा कोणाच्या तरी घरी बॅटरीनं पेट घेतला होता, तेव्हापासूनचा. शर्यत संपली की रिकामी बॅटरी तशीच घरी न्यायची नाही. पत्र्याच्या शेडमध्ये लांब टेबल आहे, तिथे सगळ्यांनी आपापली बॅटरी चार्जरला लावायची आणि नीट पातळीवर आणूनच न्यायची. त्यामुळे सगळे तिथे जमले होते. जावईबापूही आले, बॅटरी टेबलावर आपटली आणि म्हणाले, "सडकी निघाली हो! सडका माल विकतात लोक."

दुकानदार तिथेच होता. मघापासून सगळ्यांशी गप्पा मारणारा तो भला माणूस लालबुंद झाला. "सडकी? माझ्याकडची? लावा चार्जरवर! सगळ्यांसमोर लावा! किती आत जाते ते बघू. पोट कमी निघालं तर दुकान बंद करतो."

बॅटरी लागली. शेजारीच वन्संचीही लागली, त्याच दुकानातली, तीच, एकाच खोक्यातून निघालेली. तोवर बक्षिसं वाटून झाली. बसवाल्यानं दोन वाक्यांत भाषण संपवलं. पण कोणी घरी गेलं नाही. सगळे शेडमध्ये परत आले आणि चार्जरच्या पडद्यावर वाकून बसले. आकडा चढत चढत गेला आणि लेबलवर जो छापला होता त्याच्या अगदी जवळ जाऊन थांबला. म्हणजे बॅटरीनं होतं नव्हतं ते सगळं दिलं होतं. वन्संच्या बॅटरीचा आकडा त्याच्या जरासा खाली थांबला. तळाशी घोटभर उरली होती.

"दिसलं?" दुकानदार म्हणाला. "पुरी भरलेली होती. खाल्ली कोणी, ते ज्याचं त्यानं बघावं."

कोणीतरी मागून फिसकन हसलं, मग दुसरं कोणी. फार नाही हसले, पण ज्याला ऐकू जायला हवं होतं त्याला गेलं. मी एकेकाचं तोंड बघितलं. बरीचशी तीच होती.

जावईबापूंच्या हातात आज माईक नव्हता. ते वन्संकडे वळले आणि आवाज उतरवून बोलले. तो आवाज मी ओळखला. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन, गाडी उघडून बसल्यावर, स्वयंपाकघराच्या दिशेनं जायचा तो आवाज.

"अगं, तुझीही हीच होती. मग तू कशी पोचलीस?"

वन्सं चार्जरची तार गुंडाळत होत्या.

"बरं, मग मी कोणती घ्यायला हवी होती? लांब?"

सगळे थांबले. इतक्या वर्षांत या माणसानं हा प्रश्न हजार वेळा विचारला होता आणि हजार वेळा त्याला उत्तर मिळालं होतं, ताटात वाढून. वन्संनी त्याच्याकडे बघितलं, आधी दातांकडे, मग चेहऱ्याकडे. मला वाटलं, आता बोलणार. मनातलं सगळं बोलणार.

"अगं, चल," त्या मला म्हणाल्या. "उशीर होईल."

आणि आम्ही निघालो. मागे वळून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी बघितलं. तो तसाच उभा होता, उत्तराची वाट बघत. अजून मिळेल अशा आशेनं.

गाडी मी चालवत होते. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत कसाबसा धीर धरला.

"वन्सं, लांब घेतली असती तर पोचला असता?"

"पोचला असता. पण उडीवर मागची बाजू आपटून सातवा-आठवा आला असता. त्याला लांब चालत नाही."

"मग कोणती?"

त्यांनी लगेच सांगितलं. एका दमात. कोणती बॅटरी, गाडीत ती पुढे सरकवायची की मागे, तिच्याबरोबर मोटरचं चाक केवढं बसवायचं, आणि तसं केलं असतं तर त्या बोटासकट तो आज कप कसा घेऊन गेला असता. मी ऐकतच राहिले.

"हे तुम्ही आत्ता काढलंत?"

"छे. फेरी दहा मिनिटांची झाली म्हणून तू सांगितलंस ना, त्याच दिवशी. भाजी चिरता चिरता." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आधी त्याचंच काढलं. सवयीनं. माझं मागून."

मला त्याचा नव्यानं, आधीपेक्षा जास्त राग आला होता.

त्या दिवसापासून तो दुकानदाराला विचारतोय, क्लबाला विचारतोय, परवा तर आमच्या ह्यांना फोन करून विचारलं. ह्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही. तो वाचेल.